‘ग्रीन पार्किंग’वरनं भांडण होतंय? आधी नियमाचा कागद मागा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका कंपनीची नवीन बिल्डिंग झालीय, बेसमेंटमध्ये लिफ्टजवळच्या सहा जागांवर हिरवा बोर्ड लागलाय, ‘कमी प्रदूषण करणाऱ्या आणि जास्त मायलेजच्या गाड्यांसाठी राखीव’. विचारणाऱ्याची गाडी सीएनजी वॅगनआर. त्यानं तिथं लावली तर वॉचमननं काढायला लावली, आणि त्याच जागेत एक मोठी हायब्रिड एसयूव्ही रोज उभी असते तिला कोण काय म्हणत नाही. हा कायदा आहे का, भांडायचं का सोडून द्यायचं, आणि अशा जागेत वागायचं कसं, एवढंच त्याला विचारायचंय.

मी बेळगावातल्या कंपन्या, एक हॉस्पिटल आणि टिळकवाडी-हिंदवाडीकडच्या अपार्टमेंटचं पार्किंग आणि सिक्युरिटी बघतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळं या विषयावर शिव्या पण भरपूर खाल्ल्यात. सरळ सांगतो. कायदा वगैरे काही नाही, मोटार वाहन कायद्यात मायलेजवरनं जागा राखून ठेवायचं कुठलंही कलम नाही. खासगी जागेत मालक जो नियम करेल तो नियम. आणि मायलेज हाच निकष असेल तर तुमच्या वॅगनआरचा हक्क त्या हायब्रिडइतकाच आहे, कसा ते खाली हिशोबानं दाखवतो. पण तिथं गाडी लावून वॉचमनशी वाद घालणं हा रस्ता चुकीचा, कारण त्या बिचाऱ्याच्या हातात काहीच नसतंय.

आधी हे बोर्ड आले कुठनं ते बघा, म्हणजे अर्धी भानगड लगेच कळतीय. अमेरिकेत बिल्डिंगला ‘लीड’ नावाचं ग्रीन सर्टिफिकेट देतात. त्याच्या २००९ च्या नियमात होतं की एकूण पार्किंगच्या ५ टक्के जागा कमी प्रदूषणाच्या आणि इंधन वाचवणाऱ्या गाड्यांना द्या, दाराजवळच्या द्या, नाहीतर पैसे घेत असाल तर पार्किंगच्या दरात निदान २० टक्के सूट द्या, की तुम्हाला पॉइंट मिळणार. नंतरच्या आवृत्तीत हे ५ टक्के राहिलेच आणि त्याशिवाय वेगळ्या २ टक्के जागांवर चार्जर लावा असं आलं. म्हणजे १२० गाड्यांचं पार्किंग असेल तर सहा हिरव्या जागा आणि वर तीन चार्जरवाल्या. तुमच्या सहा जागा बहुतेक अशाच आल्यात, आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये होत्या, काँट्रॅक्टरनं बोर्ड रंगवून लावले आणि पुढं त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही. आपल्याकडंही ग्रीन सर्टिफिकेट घेणाऱ्या बिल्डिंगा वाढायल्यात तसे हे बोर्ड बेळगावात पण दिसायलेत.

आता खरी गंमत इथं आहे. अमेरिकेत ‘इंधन वाचवणारी गाडी’ म्हणजे कुठली हे ठरवायला वॉशिंग्टनमधल्या एका संस्थेचा स्कोअर आहे, १०० पैकी, गाडी बनवताना झालेलं प्रदूषण पण त्यात धरतात. आधी ४० च्या वरची गाडी चालायची, नंतर ४५ केलं. पण तो स्कोअर तिथं विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा, आपली वॅगनआर, आल्टो, टियागो त्या यादीत असायचं कारणच नाही. नियमात लिहिलंय की दुसऱ्या देशात तिथलं तोडीस तोड माप वापरा. ते वापरायचं काम कुणी करत नाही. बोर्ड लागतोय, माप लागत नाही. मग माप ठरवतो तो वॉचमन, नाहीतर ज्याची गाडी मोठी तो.

आता हिशोब करू, अवघड काही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलचा २.७ च्या आसपास, एक किलो सीएनजीचा २.७५ धरा. उदाहरणाला ग्रँड व्हिटारा घ्या, तिच्या स्ट्राँग हायब्रिडचं, म्हणजे थोडं नुसत्या बॅटरीवर पण चालणाऱ्या गाडीचं, कंपनीचं मायलेज लिटरला जवळपास २८, म्हणजे किलोमीटरला ८२ ग्रॅम. वॅगनआर सीएनजीचं कंपनीचं मायलेज किलोला ३४, म्हणजे ८१ ग्रॅम. बघा की, कागदावर दोघं सख्खे भाऊ, आणि एकाला लिफ्टजवळ आणि दुसऱ्याला बाहेर पावसात. इलेक्ट्रिकवाल्यांनी पण फार हवेत जाऊ नका, आपल्या देशात एक युनिट वीज तयार करायला सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातोय, गाडी युनिटला ७ किलोमीटर चालली तर किलोमीटरला १०० ग्रॅम. बाकी दोन आकडे लॅबमधले आहेत, रस्त्यावर ते पण शंभरच्या आसपासच जातात, म्हणजे तिघांत फार मोठा फरक उरत नाही. घरावर सोलर असेल तर गोष्ट वेगळी. मात्र एक सांगतो, बेसमेंटमध्ये धूर नको असेल तर इलेक्ट्रिकला तोड नाही, तिथं दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरांना विचारा.

आणि नुसत्या बॅजवर जाऊ नका. मागं ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेल्या कितीतरी गाड्या फिरतात, त्या माइल्ड हायब्रिड, नुसत्या बॅटरीवर चालतच नाहीत, सरकारनं सुद्धा १ एप्रिल २०१७ पासून त्यांचं फेम योजनेतलं (इलेक्ट्रिक-हायब्रिड गाड्यांसाठीच्या) अनुदान काढून घेतलं. तरी मालक बॅजवर बोट ठेवून वॉचमनला दटावतो. आरसीवर किंवा एम-परिवहन ॲपवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघायचं, दोन मिनिटाचं काम. इलेक्ट्रिकची प्लेट २०१८ पासून हिरवी आहे, खासगीला पांढरी अक्षरं आणि टॅक्सीला पिवळी, त्यामुळं ती ओळखायला अडचण नाही. हायब्रिड आणि सीएनजीची प्लेट साध्या गाडीसारखी पांढरीच, सगळा घोळ तिथंच होतोय. बाहेरनं सीएनजी किट बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढवून घेतलेलं पाहिजे, नाहीतर विषयच संपला.

हे भांडण कसं पेटतंय ते एका ठिकाणचं सांगतो, कंपनीचं नाव नको. जुलै महिना, बेळगावचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहिती आहेच, वरच्या उघड्या पार्किंगमधनं आत येईपर्यंत माणूस निथळतोय, त्यामुळं जून ते सप्टेंबर लिफ्टजवळच्या जागेला सोन्याचा भाव. परचेसमधल्या एकानं सीएनजी गाडी हिरव्या जागेत घातली. वॉचमन एमएलआयआरसीतनं, म्हणजे इथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधनं, रिटायर झालेला, शिस्तीचा माणूस. “साहेब, इथनं काढा, ही ग्रीनवाल्यांची जागा हाय.” “मग माझी गाडी काय काळी हाय व्हय? सीएनजी हाय की.” “मला जे सांगितलंय ते सांगतोय, हिरवी प्लेट नाहीतर हायब्रिड.” “कुणी सांगितलं? कागद दाखवा.” कागद नव्हताच. तेवढ्यात मागं मॅनेजर साहेबांचा ड्रायव्हर हायब्रिड घेऊन आला आणि हॉर्न वाजवायला लागला, दुसरा गार्ड धावत आला, “इल्ली बेडा सर, इल्ली बेडा.” (इथं नको.) परचेसवाला चिडून गाडी लॉक करून वर गेला. ड्रायव्हरनं त्याच्या बरोबर मागं, रस्ता अडवून, आपली गाडी लावली आणि तो पण चहाला गेला. दुपारी माल घेऊन जाणारी गाडी अडकली, मग सगळ्यांचे फोन, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, मग कन्नड-मराठी. खरं तर भांडण नियमाचं होतं, भाषेचं नव्हतं, पण आमच्याकडं कुठलंही भांडण दहा मिनिटं चाललं की तिकडं वळतंयच.

तिथं आम्ही पहिलं काय केलं असेल तर वॉचमनच्या गळ्यातनं हे लोढणं काढलं. पात्र गाडी कुठली ते ॲडमिननं कागदावर लिहिलं, आरसी बघून काचेवर लावायला नंबर घातलेला स्टिकर दिला, आणि वॉचमनला एवढंच सांगितलं की स्टिकर आहे का बघ, नसेल तर ॲडमिनचा नंबर दे, वाद घालू नको. साहेबांच्या गाडीला तर मी स्पष्ट सांगितलं, वेगळी जागा द्या आणि वर ‘मॅनेजमेंट’ म्हणून बोर्ड लावा. साहेबाला जवळची जागा देण्यात गैर काही नाही, सगळ्या कंपन्यांत असतीय. पण ती हिरव्या बोर्डाखाली दिली की बाकीच्यांचा नियमावरचा विश्वास उडतोय, आणि एकदा उडाला की कुणीच पाळत नाही.

निकष लिहिताना बरेच जण एक चूक करतात. सरकारी आकडा उचलतात. आपल्या देशात गाडी कंपन्यांना २०२२-२३ पासून किलोमीटरला सरासरी ११३ ग्रॅमची मर्यादा आहे, पेट्रोलला त्याचं लिटरला २० किलोमीटर होतंय. ऐकायला बरं वाटतं, पण असं लिहिलं तर स्विफ्टपासनं आल्टोपर्यंत सगळे पात्र, सहा जागांना साठ गाड्या, म्हणजे परत सकाळी आठला शर्यत. उलटं करायला पाहिजे. आधी आपल्या गेटमधनं रोज येणाऱ्या गाड्यांची यादी काढा, कुठल्या इंधनाच्या, कंपनीचं मायलेज किती, आणि मग लिमिट अशा ठिकाणी ठेवा की जागांच्या दुप्पटीपेक्षा जास्त गाड्या आत येणार नाहीत. कुठं ९० ग्रॅम ठेवावं लागेल, कुठं नुसत्या इलेक्ट्रिकनीच जागा भरतील. पात्र गाड्यांत मग जो आधी येईल त्याची जागा, कुणाचं नाव नाही. दर वर्षी लिमिट परत बघायचं, कारण गाड्या बदलतात.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर तीन-चार माणसं बसवून येणाऱ्या गाडीला मी सगळ्यात पुढं ठेवेन. चंदगडकडनं, खानापूरकडनं एका जुन्या ओम्नीत चौघं येतात, माणशी हिशोब केला तर एकटा बसून येणारी हायब्रिड त्यांच्यापुढं काहीच नाही. आणि बाइकवाले? लिटरला ६० देणारी स्प्लेंडर किलोमीटरला चाळीस ग्रॅमच्या आत येतीय, आणि तिला आपण कंपाउंडच्या कडेला पत्रा पण घालत नाही. जाऊ दे, तो वेगळा विषय आहे.

चार्जरवाली जागा आणि हिरवी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अर्धी भांडणं त्या एकत्र केल्यामुळं होतात. हिरवी जागा म्हणजे बक्षीस, दिवसभर लावा. चार्जरची जागा म्हणजे पेट्रोल पंपाचा नोझल, काम झालं की बाजूला व्हायचं. चार्जरवर सीएनजी, हायब्रिड कुणीच लावायचं नाही, भले बाकी सगळं पार्किंग फुल असो. इलेक्ट्रिक असली तरी प्लग न लावता नुसती उभी करायची नाही. हे दोन नियम पाळले तर निम्मी डोकेदुखी जातीय. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला ३ युनिटच्या आसपास जातात, म्हणजे ३० युनिटची बॅटरी रिकामी आणली तर दहा तास, अशा ठिकाणी ‘दोन तासात काढा’ म्हणण्यात अर्थ नाही, तिथं आलटून पालटून दिवस ठरवून द्या, सोमवार-गुरुवार एकाला, मंगळवार-शुक्रवार दुसऱ्याला. ७ किलोवॅटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, असेल तर जेवणाच्या सुट्टीत गाडी बदलायची. डॅशबोर्डवर फोन नंबर ठेवायचा, किती वाजता काढणार ते लिहायचं. दुसऱ्याचा प्लग स्वतः काढायचा नाही, चार्जिंग संपलं असं दिसलं तरी आधी फोन करायचा. केबल चालण्याच्या वाटेवरनं ओढायची नाही, कुणीतरी त्यात पाय अडकून पडतंयच. आणि आपल्या पावसात बेसमेंटमध्ये पाणी येणाऱ्या बिल्डिंगा कमी नाहीत, तिथं सॉकेट गुडघ्याच्या खाली बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला परत बोलवू नका.

सगळ्याच्या वर एक जागा आहे ती म्हणजे दिव्यांगांची. ती कायद्याची आहे, बाकीच्यांसारखी मालकाच्या मर्जीची नाही. सरकारी मापात प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत निदान दोन जागा आणि रुंदी ३.६ मीटर, कारण दार पूर्ण उघडून व्हीलचेअर बाहेर काढायची असतीय. एका ठिकाणी मी बघितलं, लिफ्टच्या अगदी तोंडाशी हिरव्या जागा आणि व्हीलचेअरची जागा खांबाच्या मागं. तिथं काही चर्चा नाही, आधी ती जागा पुढं आणायची.

आता राग आला की लोक काय करतात ते पण बोलू. हवा सोडतात, वायपर वाकवतात, मागं गाडी लावून अडवतात. हवा सोडणं, वायपर वाकवणं हे दुसऱ्याच्या मालाचं नुकसान, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये येतंय. मुद्दाम अडवून ठेवलं तर समोरचा कलम १२६ दाखवतोय. म्हणजे हिरव्या बोर्डवर चुकीची गाडी लावणाऱ्यावर पोलिस केस होत नाही, पण त्याच्या टायरची हवा सोडणाऱ्यावर होऊ शकतीय. ट्रॅफिक पोलिसांना फोन केला तरी कंपनीच्या आवारातली गाडी उचलायला ते येणार नाहीत, उगीच बोलवू नका. आम्ही क्लॅम्प पण लावत नाही. पहिल्यांदा काचेवर साधी चिठ्ठी, गोंद न लावता वायपरखाली, दुसऱ्यांदा ॲडमिनचा मेल, तिसऱ्यांदा महिनाभर बेसमेंटचा पास बंद, वर पावसात लावा. पास बंद झाला की भलेभले सरळ होतात. फोटो काढायचा असेल तर ॲडमिनला पाठवायचा, ग्रुपवर नंबर प्लेटसकट टाकायचा नाही, त्यानं फक्त वैर वाढतंय.

आपल्या भागातली एक खास भानगड म्हणजे नंबर प्लेट. केए-२२, केए-२३ बरोबर एमएच-०९ आणि गोव्याच्या गाड्या रोज येतात, कॅम्पातली लष्करी मंडळी बीएच सिरीजची, म्हणजे देशभर चालणाऱ्या पासिंगची, आणतात. काही ठिकाणी गार्डला वाटतंय की बाहेरच्या पासिंगला राखीव जागा नाही. असं काही नसतंय, मायलेज पासिंग बघून बदलत नाही. निपाणीकडनं रोज येणाऱ्या इलेक्ट्रिकला तर चार्जिंगची गरज गाववाल्यापेक्षा जास्त, त्याला ७० किलोमीटरच्या वर परत जायचंय. नियमात सरळ लिहा, कर्मचारी असेल तर पासिंग कुठलंही चालेल. बोर्डावर कन्नड मोठ्या अक्षरात लागतंयच, राज्याचा ६० टक्क्यांचा नियम आहे, खाली मराठी घाला आणि त्यापेक्षा मोठं चित्र काढा, प्लगचं वेगळं आणि पानाचं वेगळं. चित्र बघून चुकीच्या जागेत घालणारा मग मला कळलं नाही म्हणू शकत नाही.

अपार्टमेंटवाल्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. तिथं आधीच वाटून दिलेली जागा काढून हिरवी करता येत नाही, मीटिंगमध्ये ठराव करून फक्त व्हिजिटरच्या किंवा सामाईक जागेतनं करा. बिल्डर म्हणत असेल ‘ग्रीन पार्किंग वेगळे पैसे’ तर सावध राहा, सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या केसमध्ये सांगितलंय की उघडं आणि स्टिल्टचं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही. ती केस महाराष्ट्राच्या कायद्याखालची आहे, पण रेरात, म्हणजे बिल्डरांसाठीच्या केंद्राच्या कायद्यात, पण उघडं पार्किंग सामाईक जागेतच धरलंय. स्वतःच्या मीटरवरनं स्वतःच्या जागेत चार्जिंग करायला मात्र केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं मुभा आहे, सोसायटीनं त्यात वायर कुठनं न्यायची आणि लोड किती एवढंच बघावं, बाकी हेस्कॉम, म्हणजे इथली वीज कंपनी, बघेल.

आता तुमचं. सध्या गाडी तिथं लावू नका, चार दिवस लांब लावली तर काही बिघडत नाही. ॲडमिनला एक मेल टाका, तक्रारीच्या सुरात नको, एवढंच विचारा की हिरव्या जागेचा लेखी निकष काय आहे, माझी गाडी कंपनीतनंच आलेली सीएनजी आहे, आरसीची कॉपी जोडलीय, मायलेज अमुक, ती बसते का. त्या हायब्रिडचं नाव काढू नका, काढलं की प्रश्न तुमच्या गाडीचा न राहता साहेबांचा होतोय आणि ॲडमिनवाला हात वर करतोय. निकष नसेल, आणि मला वाटतं नसणारच, तर वरचा हिशोब पाठवा, ८१ आणि ८२ शेजारी शेजारी लिहून. सीएनजीवाले अजून दोघं-तिघं असतील तर त्यांच्या पण आरसी एकाच मेलमध्ये जोडा. उत्तर नाहीच आलं तर सेफ्टी कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय घ्यायला सांगा, तिथं घेतलेलं मिनिट्समध्ये येतंय आणि मग कुणालातरी सही करून उत्तर द्यावं लागतंय. स्टिकर मिळाला की पहिल्या दिवशी त्या वॉचमनला स्वतः जाऊन दाखवा, त्याला पण बरं वाटतंय, नाहीतर परत तोच लांबनं हात करून गाडी थांबवणार.